रविवारी ऐकणारा दिवा

२०२२ सालच्या जून-जुलै महिन्यांत आम्ही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. तेथील मुख्य धर्मगुरू सुट्टीवर गेले की आपल्याकडून कोणीतरी दोन महिन्यांसाठी यावे, पवित्र मिस्सा अर्पण कराव्यात, आजाऱ्यांना परमप्रसाद न्यावा आणि ऑगस्ट लागताच परतावे, अशी तिकडे बऱ्याच ठिकाणी वहिवाट आहे. त्या वर्षी धर्मगुरुनिवासाचे छप्पर दुरुस्तीसाठी काढलेले होते. त्यामुळे आमच्या राहण्याची सोय एका वसईकर दांपत्याच्या घरी झाली. त्यांची नावे येथे देण्याचे कारण नाही. धर्मग्रामातली सारी मराठी मंडळी त्यांना मामा आणि मामी म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो.

मामा १९७२ मध्ये इंजिनिअर म्हणून अमेरिकेला गेले. आमचा मुक्काम झाला तेव्हा त्यांना ७८ वे लागले होते. मामींना २०१८ मध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात कामातून गेला होता आणि बोलणे फार संथ झाले होते. एक वाक्य पुरे व्हायला कधी कधी अर्धे मिनिट लागे, आणि ऐकणारा बहुधा मधूनच ते स्वतः पुरे करून टाकी. आम्हीही तसे केले, हे पुढे येईलच.

त्या घरात भिंतींतल्या विजेच्या तारांवरूनच दिव्यांना हुकूम पाठवण्याची एक जुनी योजना होती. मामांनी १९८९ मध्ये ती स्वतःच्या हातांनी बसवली होती. मामींच्या उशाशी जाड बटणांचा एक रिमोट असे. त्याचे बटण दाबले की जिन्याच्या माथ्यावरचा टेबललॅम्प लागे. दुसरे बटण दाबून धरले की तो मंद होत जाई. डाव्या हाताच्या अंगठ्याने चालवता येईल अशी घरातली एवढीच वस्तू मामींच्या ताब्यात उरली होती.

तो दिवा महत्त्वाचा का, ते सांगितले पाहिजे. मामांना मध्यरात्री उठून खाली जाण्याची आणि स्वयंपाकघराचे दार लावले आहे की नाही ते पाहण्याची सवय जडली होती. ते उठल्याची चाहूल लागली की मामी पडल्या पडल्या दिवा लावीत. पण त्या जुन्या योजनेतील दिवा विझलेल्या अवस्थेतून लागतो तो एकदम पूर्ण तेजानेच. अगोदर मंद लागावा अशी सोय त्याला नाही. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या मामांना तो झोत सोसत नसे. ते जिन्याच्या तोंडाशी डोळे मिटून, भिंतीला हात लावून उभे राहत. मग मामी दिवा मंद करीत आणि ते पायरी उतरत. पूर्वी यास चार सेकंद लागत. आम्ही गेलो तेव्हा वीस-बावीस लागत होते. मामींच्या शब्दांत सांगायचे तर पूर्वी दिवा मंद होईस्तोवर क्रुसाची खूण करून व्हायची, आता अख्खी नमो मरिया होते. एप्रिल महिन्यात एका रात्री मामांनी तेवढी वाट पाहिली नाही. दोन पायऱ्या घसरले, कठडा हाती लागला म्हणून निभावले.

दिवा रात्रभर मंद ठेवून झोपावे, हा सोपा उपाय वाचकांना सुचेल. आम्हांलाही सुचला होता. पण झोपण्यापूर्वी सारे दिवे विझवणारे बटण दाबणे हा मामांचा तीस वर्षांचा नेम. लहानपणी ज्यांच्या घरी रॉकेलचा हिशेब थेंबाथेंबाने ठेवला गेला, त्यांना जळता दिवा ठेवून झोप येत नाही. सुनेने आणलेला रात्रीचा छोटा दिवाही ते रोज सॉकेटमधून उपटून ठेवीत. कॅलिफोर्नियातील मुलाने मोबाइलवर चालणारे बल्ब दोनदा पाठवले. मामींना मोबाइल जमेना आणि मामांनी ते बल्ब खोक्यात घालून तळघरात ठेवून दिले. मुलाचे म्हणणे एकच होते, हे सारे जुने सामान काढून टाका. त्याचे चुकत होते असेही नाही. पण मामा रोज सकाळी म्हणत, "काय बिघडले आहे ते मी आज पाहतो, फादर." आणि संध्याकाळी त्यांना त्याची आठवण नसे.

सेमिनरीत असताना आमच्याकडे काही वर्षे ध्वनिवर्धक आणि जनित्र यांची जबाबदारी होती. तेवढ्या भांडवलावर आम्ही या कामात हात घातला.

या योजनेचे नाव एक्स-टेन. ते ऐकताच आम्हांला गोरेगावची आमची सेमिनरी आठवली, कारण दहाव्या पायस पोपमहाशयांच्या नावातही तो एक्स दहाच्या अर्थानेच येतो. इथेही दहाच. १९७५ साली स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथस या गावी पिको इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या मंडळींनी ही युक्ती शोधून काढली. गणकयंत्रांच्या चिप्स बनवणारी ती मंडळी आपल्या प्रत्येक प्रकल्पाला क्रमांक देत. नववा प्रकल्प रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्राचा होता, दहावा हा. १९७८ पासून अमेरिकेच्या दुकानांत ही उपकरणे विक्रीस आली आणि घरी स्क्रूड्रायव्हर बाळगणाऱ्या हजारो गृहस्थांनी ती हौसेने बसवली.

युक्ती अशी. अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तने करते, आपल्याकडची ५०. प्रत्येक आवर्तनात विजेचा दाब दोनदा शून्यावर येतो. त्या क्षणी तारांवर गोंगाट कमी असतो. नेमक्या त्या क्षणी, एक सहस्रांश सेकंदापुरती, सेकंदाला १ लाख २० हजार कंपनांची एक बारीक शीळ तारेवर सोडायची. शीळ आली तर एक, न आली तर शून्य. लगेच पुढच्या शून्यक्षणी त्याच्या उलट पाठवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला खातरजमा करता येते. जुळले नाही तर तो निरोप टाकून देतो. ए ते पी अशी घराची सोळा अक्षरे आणि उपकरणांचे सोळा क्रमांक. मिळून २५६ पत्ते होतात. एका निरोपाला ११ आवर्तने लागतात, तो दोनदा सांगितला जातो, मध्ये ३ आवर्तनांचा विसावा. आधी पत्ता, मग हुकूम, असे धरले तर साधा दिवा लावण्यासही ४७ आवर्तने, म्हणजे पाऊण सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. भिंतीवरचे बटण दाबताच उजेड पाहण्याची सवय असणाऱ्याला हे आधीच सावकाशीचे वाटते.

मंद करण्याचा हुकूम याहून निराळा आहे. 'निम्मा हो' असे या दिव्याला सांगता येत नाही. 'थोडा कमी हो' एवढेच सांगता येते, आणि ते पुन्हा पुन्हा, मध्ये विसावा न घेता. पूर्ण तेजापासून तळापर्यंत सुमारे वीस पायऱ्या. प्रत्येकीला ११ आवर्तने धरली तर २२० होतात. साठाने भागले की पावणेचार सेकंद येतात. मामांच्या वहीत १९८९ च्या नोंदीत 'चार सेकंद' असे लिहिलेले होते, ते या हिशेबाला धरूनच होते.

ती वही हा एक ठेवाच होता. निळी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर घराचे अक्षर 'एम' निवडल्याची नोंद. कारखान्यातून उपकरणे 'ए'वर लावलेली येतात आणि शेजाऱ्याकडेही हीच योजना असली तर त्याच्या रिमोटने आपला दिवा लागतो, म्हणून. पुढे पत्त्यांची यादी: एम-१ ओटी, एम-२ माजघर, एम-३ पडवी, एम-४ जिना. न्यू जर्सीतल्या त्या लाकडी घरात ओटी नव्हती की माजघर नव्हते. त्याच पानाच्या तळाशी एक ओळ होती: रिमोटचे ऐकून तारेवर निरोप सोडणारी पेटी घरात एकच असावी. आम्ही ती ओळ वाचली आणि पुढे गेलो.

आता शोधाकडे येतो. पहिल्या दिवशी आम्ही रिमोटच्या बॅटऱ्या बदलल्या. फरक नाही. मग बल्ब पाहिला. ही जुनी उपकरणे तापणाऱ्या तारेच्या बल्बांसाठीच बनवलेली आहेत. त्यांवर एलईडी लावला तर तो लुकलुकतो किंवा धड मंद होत नाही. पण मामांनी साठ वॅटच्या जुन्या बल्बांची दोन खोकी जमवून ठेवली होती आणि दिव्यात तोच बल्ब होता. (बरेच केले म्हणायचे. ऑगस्ट २०२३ पासून अमेरिकेत घरगुती वापराचे तसले सामान्य बल्ब विकण्यास बंदी आली.) तेव्हा दोषी बल्बही नव्हे.

तळघरात बटणांची एक छोटी पेटी सापडली. ती रिमोटविना, सॉकेटमध्ये खोचूनच निरोप पाठवते. आम्ही ती जिन्यावरच्या दिव्याशेजारच्या सॉकेटमध्ये खोचली आणि मंद करण्याचे बटण दाबून धरले. दिवा चार सेकंदांत खाली आला. म्हणजे दिवा निर्दोष होता, त्याच्या बुडाशी असलेले उपकरणही निर्दोष होते. तीच पेटी स्वयंपाकघरात नेऊन दाबली, तेव्हा दहा सेकंद. आणि रिमोटने बावीस. आम्ही हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ पाहत राहिलो. चारचे दहा होतात ते वाटेतल्या तारेत काहीतरी हरवते म्हणून. पण दहाचे बावीस का व्हावेत? रिमोटच्या बाजूला आणखी वेगळाच दोष असला पाहिजे. एक दुखणे समजून आम्ही बसलो होतो, दुखणी दोन निघाली.

हा दोष लावण्या-विझवण्यात का दिसत नव्हता, तेही तेव्हा ध्यानी आले. क्षीण झालेला निरोप कधी पोहोचतो, कधी पोहोचत नाही. लावायचा निरोप एकच असतो; हुकला तर माणूस पुन्हा बटण दाबतो आणि विसरून जातो. मंद करायला मात्र वीस निरोप पोहोचावे लागतात. त्यांतले निम्म्याहून अधिक वाटेत गळाले की दिवा मंद होतच नाही असे नाही, तो सावकाश होतो. आणि या योजनेतला दिवा मुका आहे. निरोप मिळाला की न मिळाला हे तो उलट कळवू शकत नाही. पाठवणारा आपला पाठवतच राहतो.

पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मामी आम्हांला म्हणाल्या, "फादर... रविवारी... दिवा... ऐकतो."

आम्ही हसून म्हणालो, "देवाचा वार आहे ना, मामी." आणि ताटावर बसलो.

मामींना आणखी काही सांगायचे होते. त्यांचा डावा हात उचललेला आम्ही पाहिला होता. तो त्यांनी पुन्हा मांडीवर ठेवला. भाविक म्हातारीचे बोलणे भाविकपणाने घ्यावे, ही धर्मगुरूची सवय. त्यात तिचे बोलणे ऐकायचे राहून गेले. पुढच्या रविवारी संध्याकाळी मामा वर चढताना आम्ही स्वतः घड्याळ लावून पाहिले. दिवा सात-आठ सेकंदांत मंद झाला. रात्री अकराला पुन्हा पाहिले, बावीस.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामींच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसलो आणि त्यांना म्हणालो, "मामी, काल सांगत होता ते पुरे सांगा. आम्ही मध्ये बोलणार नाही." त्यांनी सांगितले. दोन वाक्ये होती, त्यांना पाच मिनिटे लागली. रविवारी सून येते. ती आठवड्याचे कपडे धुते आणि वाळवायच्या यंत्रात टाकते. ते यंत्र घुमत असते तोवर दिवा लवकर ऐकतो. हे त्यांनी दोन वर्षांपासून ताडले होते. मुलाला सांगितले होते, सुनेला सांगितले होते.

आम्ही उठून ते यंत्र रिकामेच चालू केले आणि स्वयंपाकघरातून छोट्या पेटीचे बटण दाबले. चार सेकंद!

याचा उलगडा असा आहे. अमेरिकेतील घरात खांबावरच्या रोहित्रातून विजेच्या दोन चढत्या तारा आणि एक मधली तार येते. प्रत्येक चढती तार मधल्या तारेशी १२० व्होल्ट देते; दोन चढत्या तारांमध्ये मिळून २४०. घरातले निम्मे सॉकेट एका तारेवर असतात, निम्मे दुसरीवर. आपल्याकडे वसईत एक फेज गेली की शेजाऱ्याच्या ओटीवर दिवा आणि आपल्याकडे काळोख असतो, तेव्हा वेगवेगळ्या तारांची ही गोष्ट आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. स्वयंपाकघर एका तारेवर होते आणि जिना दुसरीवर. एका तारेवर सोडलेली ती बारीक शीळ दुसरीवर जायची तर तिला घराबाहेर, खांबावरच्या रोहित्रापर्यंत जाऊन परत यावे लागते, आणि तेवढ्या प्रवासात ती फार क्षीण होते. कपडे वाळवण्याचे यंत्र मात्र २४० वर चालते. त्याच्या तापणाऱ्या वेटोळ्याची दोन टोके दोन्ही चढत्या तारांना जोडलेली असतात. ते तापत असेतोवर शिळेला घरातल्या घरात पूल मिळतो.

मामांसारख्या माणसाने कायमचा पूल बांधला नसेल हे संभवत नव्हते. वही उघडली, तर १९८९ च्याच एका पानावर तो होता: मुख्य विद्युतपेटीत दोन्ही तारांच्या मध्ये एक जोडडबी बसवल्याची नोंद आणि स्वच्छ आकृती. ही डबी विजेचा मुख्य प्रवाह अडवते आणि शीळ तेवढी पलीकडे जाऊ देते. २०१९ मध्ये घराची विद्युतपेटी बदलली गेली होती. ज्याने बदलली त्याला ती डबी कशाची हे कळले नसावे. तळघरात एका खिळ्याला प्लास्टिकची पिशवी लटकत होती, तिच्यात ती डबी तारांसकट सापडली. तिघांपैकी कोणीही तीन वर्षे ती पिशवी उघडली नव्हती.

पहिले दुखणे कळले. दुसऱ्याचा शोध आम्ही वहीतच घेतला, आणि तिथे आमच्या हातून चूक झाली.

वहीच्या शेवटच्या पानांवरचे अक्षर हलते होते. मार्च २०२१ ची एक नोंद: 'जिना सावकाश. दुसरी पेटी मागवली, माजघरात कपाटामागे लावली. फरक नाही.' पान उलटले, तर तीच नोंद दुसऱ्या शाईत. आणखी दोन पानांनी पुन्हा तीच. कपाट सरकवून पाहिले. पेटी एकच होती. खाली धूळ, वर मामींनी कधीकाळी विणलेला रुमाल. आता सारे स्पष्ट झाले. मामींनी रिमोट दाबला की दोन्ही पेट्या तो ऐकत आणि दोघीही तारेवर बोलू लागत, पण नेमक्या एका क्षणी नव्हे, किंचित मागेपुढे. एकीची शीळ दुसरीच्या मौनात पडे. दिव्याला मिळणारा निरोप उलटसुलट होई आणि तो टाकून देई. कपाटामागचे सॉकेटही नेमके पहिल्या पेटीच्याच तारेवर होते, त्यामुळे दुसरीचा काही उपयोगही नव्हता. ती दिव्याच्या तारेवर असती तर कदाचित भागले असते.

त्या रात्री जेवणाच्या वेळी मुलाचा कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ फोन आला. आम्हांला शोधाचा आनंद झाला होता आणि आनंदात माणूस मोठ्याने बोलतो. वही हातात धरून आम्ही म्हणालो, "मामा, ही दुसरी पेटी तुम्हीच लावलीत. तीच आडवी येते आहे."

मामांनी चमचा खाली ठेवला. "मी? मी कशाला लावीन, फादर? एका घरात दोन पेट्या लावू नयेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

ते खरेच होते. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. शेवटच्या पानांवरचेही त्यांचेच अक्षर होते. पडद्यावर मुलगा गप्प होता. आम्ही वही मिटली, पण ती अगोदरच उघडायला नको होती.

तेव्हा मामी बोलल्या. "मी... लावायला... सांगितली."

त्यांच्या बोलण्यास नेहमीसारखाच वेळ लागला, आणि या खेपेस कोणी मध्ये बोलले नाही.

"तरीच!" मामा म्हणाले. चेहरा एकदम मोकळा झाला. "तुला सांगितले होते ना, यातले तुला कळत नाही म्हणून." आणि हसून त्यांनी तिच्या ताटात भात वाढला.

ते कपाट सरकवण्याचे बळ मामींच्या अंगी नव्हते. सांगितले असणे मात्र अशक्य नव्हते. आम्ही याहून खोलात गेलो नाही.

विद्युतपेटीला आम्ही हात लावला नाही, हे मुद्दाम लिहितो. कारण आपल्याकडे हौशी मंडळी पुष्कळ आहेत. मुख्य स्विच बंद केला तरी बाहेरून आत येणाऱ्या तारा त्या पेटीत जिवंतच असतात. परवाना असलेला एक तरुण इलेक्ट्रिशियन बोलावला. डबी हातात घेऊन त्याने आमच्याकडे पाहिले आणि हे काय आहे असे विचारले. आम्ही तोंड उघडणार एवढ्यात मामा पुढे झाले. पेन्सिल घेतली, पाकिटाच्या पाठीवर दोन तारा काढल्या, मधली तार काढली, डबीतला संधारक काढला. ६० आवर्तनांना तो दार बंद ठेवतो आणि १ लाख २० हजारांना उघडतो, हे त्या मुलाला पंधरा मिनिटे समजावून सांगितले. एकही आकडा चुकला नाही. मुलगा शेवटी म्हणाला की त्याला शाळेत असे कोणी शिकवले नव्हते. दोन खांबी ब्रेकरवर डबी बसवून त्याने आपले पैसे घेतले, पावती दिली, आणि जाताना ते पाकीट मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मामांनी विचारले, काल घरी कोण आले होते.

त्या रात्री आम्ही जिन्याखाली घड्याळ घेऊन बसलो. वर मामांनी मुद्दाम अंथरुणातून उठायचे, मामींनी दिवा लावायचा आणि मंद करायचा, असे ठरले होते. दिवा झोताने लागला. मामा भिंतीला हात लावून उभे राहिले. मग उजेड न अडखळता, एकसारखा उतरत खाली आला. पावणेचार आणि चार यांच्या मध्ये कुठेतरी. वरून मामींचा आवाज आला, "क्रुसाची... खूण." मामा खाली आले, स्वयंपाकघराचे दार पाहिले, ते लावलेलेच होते, आणि वर गेले. वहीत नोंद त्यांनी स्वतः केली: 'जिना, चार सेकंद.' तारीख आम्ही सांगितली.

एक प्रश्न उरला होता. दुसरी पेटी घरात राहिली तर मामांना ती कधी ना कधी सापडेल आणि ते ती पुन्हा लावतील. फेकून दिली तर त्यांच्या मनाला लागेल. तोड मामींनीच काढली. निघायच्या आदल्या दिवशी त्या मामांना म्हणाल्या, फादरना द्या, वसईला. मामांना हे इतके पटले की त्यांनी ती पुसून, रुमालात गुंडाळून, स्वतः आमच्या बॅगेत ठेवली. तीवर घराचे अक्षर लावायची तबकडी होती, तीही 'एम'वरून 'ए'वर फिरवून दिली. "नव्या घराला नवे अक्षर लागेल," म्हणाले.

ती पेटी १२० व्होल्टांची आणि ६० आवर्तनांची. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये खोचली तर चालणार नाहीच, जळून जाईल. आमच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर ती रुमालासकट ठेवलेली आहे. वेदीसेवक मुले येतात, तबकडी फिरवून पाहतात, हा रेडिओ आहे का म्हणून विचारतात. महिन्याकाठी मामांचा फोन येतो. इकडच्या पावसाची चौकशी होते, भातलावणीची होते, आणि मग दरवेळी तोच प्रश्न येतो: "फादर, ती पेटी तिकडे नीट आहे ना?"

"जागेवर आहे, मामा," आम्ही सांगतो.